खाऱ्या मातीत झाडे जगतात कशी? तिवर, मोरस आणि खारेपाटातला भात

दर पावसाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोर चढला की रायगड, ठाणे आणि पालघरच्या खाडीकाठच्या गावांतून एक बातमी हमखास येते: बांधाला खांड गेली आणि खारे पाणी भातशेतीत शिरले. किती एकर पीक गेले आणि पंचनामे कधी होणार, हे त्या बातमीत असते. पण दोन-तीन दिवस शेतात उभे राहून ओसरून गेलेल्या पाण्याने भात नेमका का मरतो, आणि त्याच बांधाच्या पलीकडे, दिवसातून दोनदा त्याच पाण्यात बुडणारे तिवराचे झाड का मरत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. एका बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे माती एकच, ऊन-पाऊसही एकच आहे, तरी एकाला जे प्राणघातक ठरते त्यात दुसरे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ कुतूहलापुरते नाही. खाऱ्या पाण्यावर वाढणारे भाताचे बियाणे आले की बांधांची गरजच उरणार नाही, असे हल्ली वारंवार ऐकू येते. ते कितपत शक्य आहे हे ताडून पाहायचे असेल, तर मीठ झाडाचे काय करते आणि ज्या झाडांना ते काही करू शकत नाही ती झाडे त्यासाठी काय मोजतात, हे आधी समजून घ्यावे लागेल.

पाणी भोवती असूनही तहान

लोणचे घालताना कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवले, तर सकाळी पातेल्याच्या तळाशी पाणी सुटलेले असते आणि फोडी मऊ पडलेल्या असतात. ते पाणी कोणी पिळून काढलेले नसते. फोडीच्या आतल्यापेक्षा बाहेर क्षार जास्त झाले, म्हणून पेशींच्या पातळ पडद्यांतून ते आपोआप बाहेर आले. पडद्याच्या ज्या बाजूला क्षार जास्त, त्या बाजूकडे पाणी ओढले जाण्याच्या या क्रियेला परासरण म्हणतात.

एरवी झाडाचे मूळ याच नियमाचा फायदा घेते. मुळाच्या पेशीतील रस मातीतल्या पाण्यापेक्षा किंचित दाट असतो, म्हणून पाणी आत येते. माती खारी झाली की हे चित्र उलटते. बाहेरचे पाणी आतल्या रसापेक्षा दाट होते आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने कोमेजू लागते. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी खेचून घ्यायचे असेल तर सुमारे २५ वातावरणांइतकी, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या पंचवीसपट, ओढ लावावी लागते. मोटारीच्या टायरमध्ये भरलेल्या हवेच्या दाबाच्या दहापटीहून ती अधिक आहे.

ही झाली पहिली इजा. दुसरी सावकाश होते आणि अधिक खोलवर जाते. मिठातला सोडियम आणि शेतकरी ज्याला पालाश म्हणून ओळखतात तो पोटॅशियम हे दोघे गुणधर्मांनी इतके जवळचे आहेत की पेशीची दारे त्यांच्यात पुष्कळदा फसतात. पेशीतील असंख्य कामे करणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे विकरांना, पोटॅशियम हवा असतो. त्याच्या जागी सोडियम शिरला की ती कामे अडू लागतात. आधी जुन्या पानांची टोके करपतात, मग कडा, मग अख्खे पान. बांध फुटल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत तग धरलेला भात दहा-बारा दिवसांनी पिवळा पडतो, तो या दुसऱ्या इजेमुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचा सारा उलगडा तिच्यावर उभा आहे. तिवराच्या किंवा मोरस या खाजणातल्या भाजीच्या पेशीतील विकरे मिठाला दाद देत नाहीत, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत ती वेगळी काढून मिठाच्या द्रावणात ठेवली, तर ती भाताच्या विकरांइतकीच बिघडतात. म्हणजे खाऱ्या मातीतल्या झाडांचे आतले यंत्र इतर झाडांसारखेच नाजूक आहे. त्यांनी साधले आहे ते एवढेच की मीठ त्या यंत्रापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. हे ती कशी करतात, यातच त्यांचे वेगळेपण आहे.

किती खारट म्हणजे खारट?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मातीची क्षारता मात्र वजनात न सांगता तिच्या अर्कातून वीज किती सहज वाहते यावरून सांगतात, कारण क्षार जितके जास्त तितकी वीज अधिक वाहते. माती परीक्षणाच्या अहवालात ‘ईसी’ म्हणून जो आकडा असतो तो हाच. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या अर्काचा हा आकडा ४ च्या वर गेला की ती जमीन खारी मानतात. भाताचे उत्पन्न ३ च्या पुढेच घटू लागते आणि ७ च्या आसपास निम्म्यावर येते. याच मापाने समुद्राचे पाणी ५० च्या घरात आहे. जगातील ज्ञात सपुष्प वनस्पतींपैकी जेमतेम १ टक्का वनस्पती अशा तीव्र खाऱ्या जागी आपले आयुष्य पुरे करू शकतात.

मुळाशीच अडवणे

एक साधे गणित मांडून पाहू. झाड जेवढे पाणी शोषते त्यातले बहुतेक पानांवाटे वाफ होऊन उडून जाते, मीठ मात्र उडत नाही. एक किलो कोरडे वजन वाढवायला एखाद्या झाडाला ३०० लिटर पाणी लागते असे धरले आणि ते पाणी समुद्राचे असले, तर एक किलो झाडामागे साडेदहा किलो मीठ आत येईल. असे झाड असूच शकत नाही. म्हणून खाऱ्या जागी जगणाऱ्या प्रत्येक झाडाचा पहिला बंदोबस्त मुळाशी असतो.

या कामात कांदळ सर्वांत तरबेज आहे. कमानीसारख्या मुळांवर उभे असलेले हे झाड खाडीत फिरताना चटकन ओळखू येते. बाटलीचे बूच ज्या पदार्थामुळे पाणी अडवते, त्याच जातीच्या पदार्थाचा लेप त्याच्या मुळांतील काही थरांच्या पेशीभिंतींवर असतो. त्यामुळे पेशींच्या मधल्या फटींतून खारे पाणी चोरवाटेने आत शिरू शकत नाही. त्याला पेशीच्या पडद्यातूनच जावे लागते आणि तेथे पाणी आत येते, मीठ बाहेर राहते. घरातल्या आरओ यंत्रात नेमके हेच घडते, फरक इतकाच की यंत्रात मोटार पाणी मागून ढकलते आणि कांदळात पाने ते वरून ओढतात. १९६० च्या दशकात पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने खारफुटीच्या तोडलेल्या फांद्या दाबाच्या भांड्यात ठेवून ही ओढ मोजली, तेव्हा ती ३० वातावरणांहूनही अधिक भरली. वर सांगितलेल्या २५ वातावरणांवर मात करायला ती पुरेशी आहे. कांदळ अशा रीतीने सुमारे ९९ टक्के मीठ बाहेरच ठेवते. वरच्या गणितात साडेदहा किलोंच्या जागी १०५ ग्रॅम मीठ उरते. तेही थोडे नव्हे, पण आवाक्यातले आहे.

पानावरचे मीठ

तिवरही मुळाशी ९० टक्क्यांहून अधिक मीठ अडवतो, पण उरलेल्याची विल्हेवाट त्याने वेगळ्या प्रकारे लावली आहे. गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या ओहोटीला रेवदंड्याच्या खाडीकाठी मी तिवराचे एक पान तोडून उन्हाकडे तिरपे धरले. वरच्या हिरव्या, गुळगुळीत बाजूवर साखरेची पूड भुरभुरावी तसे बारीक कण चमकत होते. बोट फिरवले तर ते खरखरीत लागले आणि जिभेला लावले तर निखळ मीठ. पान पुसून स्वच्छ केले असते आणि झाडावरच ठेवले असते, तर काही तासांत पुन्हा तसेच कण दिसले असते.

या कणांच्या खाली पानाच्या त्वचेत काही मोजक्या पेशींचा एकेक गट असतो, त्याला क्षारग्रंथी म्हणतात. रसाबरोबर आलेले मीठ या पेशी वेचून घेतात आणि ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. पाणी वाळते, कण उरतो, आणि तो दवाने, वाऱ्याने किंवा पावसाने निघून जातो. काजळा आणि काटेरी पानांची मारांडी या खाडीतल्या दुसऱ्या वनस्पतीही हीच युक्ती वापरतात. या कामासाठी झाडाला सतत ऊर्जा मोजावी लागते. पानाने उन्हात तयार केलेल्या साखरेचा एक हिस्सा रोज या उपशावर खर्च होतो, आणि तेवढी वाढ कमी होते.

मोरसची भाजी आणि कोठीची खोली

खाजणात आणि मिठागरांच्या कडेला उगवणारी मोरस ज्यांच्या घरी शिजते त्यांना एक गोष्ट ठाऊक असते: या भाजीत मीठ घालायचे नसते. उलट ती उकडून, पिळून, पाणी टाकून द्यावे लागते आणि तरीही ती चवीला पुरेशी खारट असते. तिची पाने बारीक, लांबट आणि रसाने फुगलेली असतात. वाळलेल्या पानांच्या वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग नुसत्या क्षारांचा असू शकतो.

मोरस मुळाशी कांदळाइतके मीठ अडवत नाही आणि आत आलेले बाहेरही टाकत नाही, ती ते साठवते. वनस्पतीच्या पेशीत मध्यभागी रसाने भरलेली एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. वाढ पूर्ण झालेल्या पेशीचा बहुतेक भाग हीच पिशवी व्यापते आणि पेशीचे कामकाज तिच्याभोवतीच्या पातळ थरात चालते. जुन्या घरात कोठीची खोली माजघरापासून वेगळी असे, तशी ही पिशवी समजावी. तिच्या पडद्यातील पंप सोडियम आत ढकलतात आणि दार लावून घेतात. विकरे बाहेरच्या थरात सुरक्षित राहतात. शिवाय कोठीत भरलेले मीठच आता मातीतून पाणी ओढून घ्यायच्या कामी येते, म्हणजे शत्रूलाच चाकरीला ठेवल्यासारखे झाले.

पण यात एक अडचण आहे. पिशवीत इतके क्षार साठले, तर तिच्याभोवतीच्या थरातले पाणी पिशवीकडे ओढले जाईल आणि पेशीचे कामकाज जेथे चालते तो भागच कैरीच्या फोडीसारखा सुकेल. तो समतोल राखण्यासाठी वनस्पती त्या थरात प्रोलिन, ग्लायसीन बीटेन असे निरुपद्रवी पदार्थ स्वतः तयार करून भरते. तराजूच्या एका पारड्यात मीठ पडले म्हणून दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दुसरे काही टाकावे लागते, तसे हे आहे. हे पदार्थ नत्र आणि कर्ब वापरून बनवावे लागतात, म्हणून तेही महागच पडतात. २०२० साली महाराष्ट्राने ज्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला, तिची जाड पानेही बऱ्याच अंशी हीच साठवणीची वाट धरतात.

चिखलातला श्वास

मीठ अडवायला आणि उपसायला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी प्राणवायू लागतो, आणि खाडीच्या चिखलात बोटभर खोलीखाली प्राणवायू जवळपास नसतो. म्हणून तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी मुळे चिखलातून वर आलेली दिसतात. ही श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी हवा घेऊन खालच्या मुळांपर्यंत पोहोचवतात. त्यांच्यावर भरावाची माती टाकली, तर झाडाला कोणी कुऱ्हाड न लावताही ते काही काळाने वाळते, कारण श्वास कोंडलेल्या मुळाला मीठ अडवणे जमत नाही. कांदळवनाच्या कडेला पडणारा राडारोडा निरुपद्रवी नसतो तो यामुळे.

मग खारफुटीला मीठ आवडते का?

आवडते, असे म्हणणे फार झाले. तिवराची रोपे सर्वांत चांगली वाढतात ती समुद्राच्या पाण्याच्या पाव ते निम्म्या खारटपणात. पाणी त्याहून खारे होत गेले तशी वाढ खुंटते, आणि जेथे क्षारता फार चढते तेथे तिवर कमरेएवढा झुडपासारखा राहतो. नदीचे पाणी मिसळते त्या खाडीच्या आतल्या भागात तोच उंच होतो. मग हे झाड गोड्या जमिनीत का दिसत नाही? तेथे त्याच्याहून भराभर वाढणारी झाडे त्याला ऊन मिळू देत नाहीत. इतरांना जेथे टिकता येत नाही तेथे कसोशीने तग धरणे, एवढेच या झाडांनी साधले आहे.

माडाच्या बुडाशी मीठ घालतात, त्याचे काय?

कोकणात माडाला मीठ घालण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यामागे तथ्य आहे. माडाला क्लोराइड हे पोषक म्हणून बऱ्यापैकी प्रमाणात लागते आणि किनाऱ्यापासून दूरच्या जमिनीत ते कमी पडू शकते. पण यावरून माडाला समुद्राचे पाणी चालते असा अर्थ काढू नये. वाळूतून पावसाचे गोडे पाणी झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि किनाऱ्यावरचा माड त्या गोड्या थरावर जगतो. पुळणीवर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या मर्यादवेलीचेही थोडेफार असेच आहे. मातीतल्या मिठापेक्षा वाऱ्याबरोबर उडणारे खारे तुषार तिला अधिक सोसावे लागतात, आणि त्यासाठी तिची जाड, तुकतुकीत पाने पुरेशी ठरतात.

झाडे लावून जमिनीतले मीठ काढता येईल का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कांदळ मीठ बाहेरच ठेवतो, म्हणजे ते मातीतच राहते. तिवर ते पानांवर आणतो, पण पाऊस ते पुन्हा त्याच चिखलावर उतरवतो आणि तेथून भरती-ओहोटी ते धुऊन नेते. मोरस कापून शेताबाहेर नेली, तर काही क्षार खरोखरच निघतात. मात्र कोकणात हे काम पाऊस कितीतरी पटींनी चांगले करतो. अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर अडीच कोटी लिटर गोडे पाणी. ते शेतातून मुरून बाहेर जायला वाट असली, तर क्षार त्याच्याबरोबर जातात. पावसाची अशी साथ नसलेल्या कोरड्या मुलखांत मोरससारख्या वनस्पतींचा उपयोग अधिक आहे.

भाताला तिवरासारखे करता येईल का?

काही प्रमाणात भात पूर्वीपासूनच तसा आहे. केरळातला पोक्काळी, बंगालमधला नोना बोक्रा, गोव्याच्या खाजनांतला कोरगुट आणि रायगडातला राता हे सारे खाऱ्या जमिनीतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेले भात आहेत. २००५ साली नोना बोक्रामधील एका जनुकाचे कार्य उलगडले. मुळातून वर निघालेल्या रसातला सोडियम पानांपर्यंत पोहोचण्याआधीच परत काढून घेण्याचे काम ते करते. १९६९ साली सुरू झालेली कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आणि आपल्याकडे पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र यांनी अशा गुणांवर काम केले आहे. पनवेल केंद्राने काळा राता आणि भुरा राता या स्थानिक भातांतून निवड केली आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण दिले. खाऱ्या शेतात सामान्य वाण जेथे हात टेकतात तेथे या वाणांनी पीक पदरात टाकले आहे, आणि या कामाचे मोल मोठे आहे.

पण माती ५ किंवा ६ ‘ईसी’ची असताना पीक देणे आणि ५० ‘ईसी’च्या पाण्यात उभे राहणे यांत फार अंतर आहे. समुद्राच्या पाण्यात जगणारा भाताचा एक रानटी भाऊबंद सुंदरबनाच्या चिखलात आहेही. त्याच्या पानांवर मीठ टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्याची गुणसूत्रे लागवडीच्या भाताच्या दुप्पट असल्याने दोघांचा संकर फार अवघड ठरतो. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २०१३ साली असा संकर साधल्याचे जाहीर केले, पण एका संकरित रोपापासून शेतकऱ्याच्या बियाण्यापर्यंतची वाट लांबची आहे. बुचाचा लेप, पंप, कोठी, समतोलाचे पदार्थ, ग्रंथी आणि चिखलात श्वास घेण्याची सोय हे सारे एकाच वेळी जमावे लागते, ते एका जनुकाने येत नाही. आणि ते सारे आले तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. तिवराला घाई नसते, तो वर्षानुवर्षे सावकाश वाढू शकतो. भाताला मात्र चार महिन्यांत लोंबी भरायची असते. मीठ उपसण्यावर खर्च झालेली साखर दाण्यात येत नाही. म्हणून बांधांची गरज संपवणाऱ्या बियाण्याची वाट पाहत बांध दुर्लक्षित ठेवणे मला चुकीचे वाटते.

बांध हेच भाताचे बूच

तिवर जे आपल्या अंगात करतो ते भातासाठी खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतला, शेतकरी बाहेरून करतो. कांदळाच्या मुळावरच्या लेपाच्या जागी मातीचा बांध आहे, आणि क्षारग्रंथीच्या जागी उघाडी, म्हणजे ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला आपोआप बंद होणारे दार. गोव्यात त्याला मानस म्हणतात. ज्या जमिनीसाठी अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सलग सहा वर्षे संप केला, ती याच खारेपाटातली होती.

खांड वेळेवर बुजवली नाही तर पुढे काय होते, हेही आता सहज समजेल. भात मरतो, मग मोरस येते, आणि दोन-चार वर्षांत भरतीबरोबर वाहत आलेली तिवराची रोपे शेतात रुजतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तो निर्णय योग्यच आहे, पण ज्याचे शेत केवळ बांध न दुरुस्त झाल्यामुळे कांदळवन झाले त्या शेतकऱ्याची कोंडी खरी आहे. बांधाबाहेरचे तिवर लाटांचा जोर मोडून बांधच राखतात. दोघांचे भांडण लागते ते खांड तशीच सोडून दिल्यामुळे.

बांध शाबूत असला तरी मीठ पूर्णपणे जात नाही. उन्हाळ्यात दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि मे महिन्यात शेतावर पांढरी साय धरते. भात दोन वेळा मिठापुढे विशेष दुबळा असतो, एकदा कोवळ्या रोपाच्या अवस्थेत आणि दुसऱ्यांदा फुलोऱ्यात. पहिली वेळ शेतकरी सांभाळतो ती जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी शेतात मुरवून उघाडीवाटे सोडून देऊन आणि त्यानंतरच चिखलात मोड आलेले बी फेकून, ज्याला ‘रहू’ म्हणतात. दुसरी वेळ सप्टेंबरात येते. तेव्हा पाऊस ओढ देतो, शेत सुकू लागते आणि खालचे मीठ नेमके लोंबी बाहेर पडताना मुळांशी पोहोचते. म्हणून त्या दिवसांत उघाडी बंद करून शेतात चार बोटे गोडे पाणी धरून ठेवावे लागते, आणि पीक पक्व होईपर्यंत ते आटू द्यायचे नसते.